डाव्या मांडीची साक्ष

काराकारा क्लबच्या तळघरातल्या त्या खोलीत पूर्वी झेंडे आणि ढोल ठेवत. आता तिथे थंड हवेचे यंत्र होते, भिंतीपासून हातभर दूर जमिनीवर रंगवलेली दोन पावले होती, आणि पावलांसमोर तिपाईवर एक कॅमेरा होता. या कॅमेऱ्याला माणसाच्या चेहऱ्याशी कर्तव्य नव्हते. तो फक्त कातडीची ऊब टिपत असे. सामन्याच्या दुसऱ्या सकाळी आणि पुढच्या सामन्याच्या आदल्या सकाळी खेळाडू उघड्या अंगाने येत, त्या पावलांवर पावले ठेवत आणि अंग निवेपर्यंत कुडकुडत उभे राहत. सकाळी कॉफी नाही, गरम पाणी नाही, अंगाला मलम नाही: डॉ. एल्झिरा वास्कोन्सेलोसने हे नियम मोठ्या अक्षरांत दारावर लावले होते, आणि ज्यांच्यासाठी लावले होते त्यांनी त्या कागदावर मिश्या काढल्या होत्या.

एल्झिराची विद्या थोडक्यात अशी. दमलेला स्नायू आतून धुमसतो आणि त्याची धग कातडीवर येते. निरोगी देह आपल्या डाव्याउजव्याला सारखे वागवतो. एवढी समता या देशात देहाखेरीज दुसरे कुणी पाळत नाही, असे ती रेसिफेच्या विद्यापीठातल्या व्याख्यानात म्हणे, आणि श्रोते सौजन्याने हसत. एका मांडीची ऊब दुसरीहून चढली की त्या खेळाडूला विश्रांती द्यायची. मोडण्याआधी ओळखायचे. तिने यावर पुष्कळ वाचले होते, थोडे लिहिलेही होते, आणि ज्यांनी यातले काहीही वाचले नव्हते अशा माणसांच्या हाताखाली ती नोकरी करत होती.

त्या माणसांत अग्रगण्य म्हणजे ग्लाउसियो, फुटबॉल विभागाचे संचालक. अग्रेस्ते प्रांताच्या निम्म्या जीन्स त्यांच्या कारखान्यांत शिवल्या जात. एल्झिराची चित्रे मुळात राखाडी असत, कारण राखाडी रंग अतिशयोक्ती करत नाही. ग्लाउसियोंना ती प्रेताची चित्रे वाटली. "रंग घाला हो बाई," ते म्हणाले होते, "लाल, पिवळा, हिरवा. पाहुण्यांना काहीतरी दिसलं पाहिजे!" तेव्हापासून क्लबच्या दिवाणखान्यात खेळाडूंची इंद्रधनुषी धडे लटकत होती आणि जीन्सचे घाऊक व्यापारी त्यांच्यापुढे उभे राहून फोटो काढून घेत.

गेल्या वर्षीच्या जूनने मात्र या विद्येची अब्रू घेतली होती. जूनच्या अखेरीस संत जोआंवचा सण. अग्रेस्तेत या सणाला दारोदार होळी पेटते, अकॉर्डियनवर रात्रभर फोहो नाचतात, आणि जो नाचत नाही त्याची प्रकृती विचारायला शेजारी येतात. नेमका त्या दिवशी सामना होता. आदल्या सकाळी कॅमेऱ्यासमोर निम्म्या संघाच्या डाव्या मांड्या लालभडक निघाल्या. एल्झिराला रात्रभर झोप लागली नाही. आपल्या हातून साथीच्या रोगाचा शोध लागला की काय, असेही तिला क्षणभर वाटले. तिने एकेकाला सामन्याबाहेर बसवले. संध्याकाळी ते सगळे रुग्ण चौकात जोडीदारणींना गरगर फिरवत होते. मालिश करणाऱ्या बिउकाकांनी मालागेता मिरची, कापूर आणि दारू यांचे एक मलम घोटून दिले होते. मलम एकाच पायाला लावायचे, ही कल्पना गोलरक्षकाची. एल्झिराने खेळाडूंपुढे दिलेले व्याख्यान त्यानेच काय ते नीट ऐकले होते.

स्थानिक रेडिओने त्यावर आठवडाभर गुजराण केली. बाजारात भाजीवाली एल्झिराला म्हणे, "डॉक्टरीणबाई, या मिरच्या घ्या, डाव्या पायाच्या आहेत." एल्झिरा मिरच्या घेई. अपमान विद्वानाला लागत नाही, हे तिने अनेक ठिकाणी वाचले होते. लिहिणारे अग्रेस्तेत राहिलेले नसावेत.

या वर्षी पुन्हा तोच सण आणि होळीच्याच दुपारी सामना. आणि सामनाही असा, की जिंकला तर क्लब वरच्या श्रेणीत जाणार. आदल्या सकाळी डाव्या बगलेचा बचावपटू एलिएझेर त्या पावलांवर येऊन उभा राहिला आणि पडद्यावर त्याच्या डाव्या मांडीमागे लाल डाग उमटला.

एल्झिराने रंग पुसून चित्र राखाडी केले. डाग तिथेच होता. मलम वरून जळते. हात फिरेल तसे त्याचे पट्टे उठतात आणि कडा स्पष्ट दिसतात. या डागाला कड नव्हती. कंदिलावर पांघरूण टाकावे तसा तो खालून वर येत होता.

"दुखतंय?" तिने विचारले.

"चालताना नाही, डॉक्टर."

"पळताना?"

"पळताना मी तिकडे लक्ष देत नाही."

"एलिएझेर, मी तुझा प्रशिक्षक नाही. खरं सांग."

"जिना उतरताना मागून कुणीतरी दोरी आवळतंय असं होतं. झाले काही दिवस."

"काही लावलंस?"

"काय लावणार? केझियाला दिवस गेलेत. मलमाचा वास आला की बाहेर पळते बिचारी."

संघात त्याला 'छोटे पास्टर' म्हणत. त्याची बायको केझिया हिचे वडील अब्दियास, म्हणजे त्याचा सासरा, गावाबाहेरच्या वस्तीतल्या एका लहानशा चर्चचा पास्टर होता, आणि एलिएझेर रविवारी तिथे गिटार वाजवून जमलेल्यांना गाणी सांगत असे. त्या मंडळीच्या लेखी संत जोआंवची होळी म्हणजे मूर्तिपूजा. सणाच्या दिवशी ही माणसे खिडक्या लावून स्तोत्रे म्हणत. ज्या एकाच खेळाडूला सणासाठी पाय दुखवून घेण्याचे कारण नव्हते, त्याचाच पाय खरोखर दुखत होता. चोर गेल्या वर्षी सुटले होते. सुळी या वर्षीच्या संन्याशासाठी शिल्लक होती.

एल्झिरा चित्र घेऊन ग्लाउसियोंकडे गेली. ते कपडे बदलण्याच्या खोलीच्या दारात उभे राहून खेळाडूंशी विनोद करत होते.

"उद्या एलिएझेरला खेळवू नका," ती म्हणाली. "मांडीमागचा स्नायू फाटायच्या बेतात आहे."

ग्लाउसियोंनी चित्र उलटसुलट करून पाहिले. "हे गेल्या वर्षीचं तर नाही ना?"

"आजचं आहे."

"जून महिना आहे, बाई."

"मला दिनदर्शिका वाचता येते."

"मग मांडी कशाला वाचत बसता?"

खोलीत हशा पिकला. एल्झिराने मलमाची धग आणि स्नायूची धग यांतला फरक समजावला. तिने शक्य तितके सोपे शब्द वापरले, आणि त्यामुळे ते जास्तच बनावट वाटले. शेवटी ती म्हणाली, "अहो, तो नाचतसुद्धा नाही. त्याच्या धर्मात बसत नाही."

"असं कसं!" गोलरक्षक आतून ओरडला. "उघड्यावर नाचतो तो कॅथलिक, दार लावून नाचतो तो पास्टर!"

"हालेलुया, भावा! शेवटी तूसुद्धा!" दुसऱ्याने टाळी दिली.

एलिएझेर बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होता. ती बांधून झाली होती. त्याने ती सोडून पुन्हा बांधायला घेतली.

"भांडण कशाला?" ग्लाउसियो म्हणाले. "बिउ आहे की. बिउ, ये इकडे. ह्याची मांडी हुंग."

"साहेब, मी..."

"मलम तुझं, नाक तुझं. हुंग."

बिउकाका ओणवे झाले. क्लबच्या इतिहासात एवढा गंभीर वैद्यकीय तपास बहुधा झाला नसेल. उभ्या एलिएझेरच्या मांडीमागे त्यांनी नाक नेले आणि सगळी खोली श्वास धरून उभी राहिली.

"काका, नीट घ्या! सणातल्या मक्याच्या पामोन्याचा वास येतोय का?"

"जोडीदारणीच्या अत्तराचा येत असेल!"

बिउकाकांच्या आयुष्यातली अर्धी वर्षे कापरात गेली होती. त्यांना कॉफीलाही कापराचा वास येई. शिवाय गेल्या जूनमध्ये नोकरी जाता जाता राहिली होती. या वर्षी 'नाही' म्हणावे आणि उद्या हा पोरगा चौकात सापडावा, तर? ते उभे राहिले आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "कापूर आहे, साहेब."

"काका!" एलिएझेर म्हणाला. एवढेच.

"झालं," ग्लाउसियो म्हणाले. "पण बाई, मी तुमचा शब्द मोडत नाही हं. तुम्ही म्हणाल तर बसवतो त्याला. फक्त उद्या रेडिओवाले विचारणार, डाव्या बगलेला हा का नाही? मी खोटं बोलणारा माणूस नाही. तुमच्या कॅमेऱ्याला काय दिसलं ते सांगीन आणि बिउच्या नाकाला काय आलं तेही सांगीन. लोक शहाणे आहेत. काय ते समजतील."

त्यांनी हे अगदी प्रेमाने सांगितले. दुष्टपणा करताना आवाज चढवावा लागतो, ही गरिबांची समजूत आहे.

दुपारी एलिएझेर तळघरात आला. कॅमेरा बंद होता. थंड हवा मात्र अजून होती. तो दाराशी उभा राहिला.

"डॉक्टर, मी खेळतो."

"वेडा आहेस का? फाटला तर हाडापासून सुटेल. नुसता हा मोसम नाही जाणार, समजतंय का तुला?"

"समजतं."

"मग बस की दोन आठवडे. त्या माणसाला रेडिओवर काय बरळायचं ते बरळू दे."

"आमच्या मंडळीत सगळे रेडिओ ऐकतात. सासरेबुवा तर शिलाई मशीनवर बसल्या बसल्या ऐकतात. संताच्या नाचासाठी मी पायाला मिरची लावली, असं त्यांच्या कानावर जाणार. दारू पिणाऱ्याला आमच्यात माफी मिळते, डॉक्टर. मूर्तीपुढे नाचून वर खोटं बोलणाऱ्याला गाणी सांगता येत नाहीत."

"मी सांगेन त्यांना खरं काय ते."

"तुमचं कोण ऐकणार?" त्याच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता, त्यामुळे ते अधिक लागले. "गेल्या वर्षी सगळे हसले ना तुम्हाला? विसरलात तुम्ही?"

"नाही."

"मग मला काय सांगता?"

तिने बंद कॅमेऱ्यावर झाकण लावले.

"तुम्ही सरळ 'नाही' म्हटलंत तर मला बसावंच लागेल," तो म्हणाला. "म्हणून विनवायला आलो. नाही म्हणू नका."

रुग्णाच्या स्वायत्ततेवर एल्झिराने बरेच वाचले होते. ज्ञानी माणसाने अज्ञ माणसावर त्याच्या हितासाठीही सत्ता चालवू नये, या विषयावर फार उदात्त पाने लिहिली गेली आहेत, आणि त्यातली कित्येक तिला पाठ होती. ती सगळी आता ओळीने उभी राहून तिच्या सेवेस हजर झाली. त्या पानांच्या मागे आणखी एक गोष्ट होती: पुन्हा आठवडाभर चालणारा रेडिओ, पुन्हा ती भाजीवाली. तिने तिकडे पाहण्याचे टाळले. उदात्त पानांचा उपयोग मुख्यतः हाच असतो.

"तुझा पाय आहे," ती म्हणाली. "निर्णयही तुझाच."

"देव तुमचं भलं करो, डॉक्टर."

ग्लाउसियोंना तिने सांगितले की खेळायला हरकत नाही. त्यांनी तिचे अभिनंदन केले.

होळीच्या दुपारी मैदान भरले होते. गल्ल्यागल्ल्यांत लाकडे रचून तयार होती, पोरे आतापासूनच फटाके उडवत होती, आणि प्रेक्षकांत कणीस भाजल्याचा वास दरवळत होता. पहिल्या अर्ध्यात एलिएझेर चांगला खेळला. एल्झिरा राखीव खेळाडूंच्या बाकामागे बसून चेंडूऐवजी एक मांडी पाहत होती. त्याची ढांग किंचित आखूड पडत होती. तिच्याखेरीज ते कुणाच्या लक्षात येण्यासारखे नव्हते, आणि तिच्या लक्षात येऊन काही होण्यासारखे नव्हते.

दुसऱ्या अर्ध्यात एक लांब चेंडू डाव्या कडेने गेला आणि तो त्याच्यामागे धावला. धावता धावता तो एकदम थांबला आणि वळून मागे बघू लागला, कुणी दगड मारला ते शोधत असल्यासारखा. मागे कोणीही नव्हते. मग तो खाली बसला, आणि बसल्यावर आडवा झाला. बिउकाका पेटी घेऊन धावले, आणि त्याच्यापाशी पोचल्यावर पेटी न उघडता नुसतेच उभे राहिले.

काराकारा क्लब जिंकला. त्या संध्याकाळी गावाने संत आणि संघ या दोघांचा सण एकाच होळीत उरकला.

स्नायू हाडापासून उखडला होता. रेसिफेच्या शल्यचिकित्सकांनी तो पुन्हा बसवला आणि सांगितले की काळजीचे कारण नाही, नीट चालता येईल. पळण्याविषयी ते बोलले नाहीत, आणि केझियाने विचारले तेव्हा त्यांनी बाळंतपण कधी आहे म्हणून चौकशी केली.

रेडिओने मात्र कशाचीच उणीव ठेवली नाही. ग्लाउसियोंनी मुलाखतीत दुःखी स्वरात सांगितले की सामन्याआधी पायाला कापराचा वास येत होता; पोराने काय लपवले देव जाणे; क्लबच्या शास्त्राने तर सगळी तपासणी केली होती. निवेदकाला एक श्रोता भेटला, त्याने आदल्या संध्याकाळी एलिएझेरला चौकात फोहो नाचताना पाहिले होते. आठवड्याच्या शेवटी पाहणारे अनेक झाले आणि जोडीदारणीच्या घागऱ्याचा रंगही ठरला. जे टाळण्यासाठी पाय दिला, ते पाय घेऊनही आलेच. अब्दियासच्या मंडळीने रीतीप्रमाणे एलिएझेरला शिस्तीखाली ठेवले: गिटार काढून घेतली, प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस बंद केला, आणि कुबड्या घेऊन शेवटच्या बाकावर बसवले. सासऱ्याने जावयाला सूट दिली असती तर ती मंडळी उरली नसती.

हे कानावर आल्यावर एल्झिरा चित्र घेऊन अब्दियासच्या घरी गेली. घर म्हणजे चर्चला टेकलेली एक खोली. आत जीन्सच्या तुकड्यांचे ढीग. पास्टर मशीनवर बसून मागचे खिसे शिवत होता. ग्लाउसियोंच्याच कारखान्याचे काम होते.

"बसा, बाई. ते गठ्ठे सरकवा बाजूला. चर्चच्या कामानं आलात की खिशांच्या?"

"एलिएझेरच्या." तिने चित्र पुढे केले. डाग दाखवला, मलमाचे पट्टे कसे दिसतात ते सांगितले, त्या चौकातल्या गोष्टीत तथ्य नाही म्हणाली. त्याने शांतपणे ऐकून घेतले. बोटाला लागलेली नीळ पुसून मगच त्याने चित्र हातात घेतले.

"हे कधीचं?"

"सामन्याच्या आधीचं. आदल्या सकाळचं."

"आधीचं." त्याने चित्र उजेडाकडे धरले. "म्हणजे जावई खरं बोलत होता. दुखतं म्हणाला ते खरं, काही लावलं नाही म्हणाला ते खरं."

"अक्षरन् अक्षर."

"आणि तुम्हाला हे दिसलेलं होतं."

"हो."

"तरी तो खेळला."

"त्याने स्वतः मागितलं. विनवण्या केल्या."

"माझी एवढीशी नात रोज सुरी मागते, बाई," पास्टर म्हणाला.

एल्झिराकडे यावर निदान चार उत्तरे होती, आणि त्यांना मोठमोठ्या नावांचा आधार होता. तिने मघाशी सरकवलेला गठ्ठा पुन्हा सरळ केला. एलिएझेर निर्दोष असल्याचा पुरावा आणि ती दोषी असल्याचा पुरावा हे एकच चित्र होते, हे घरून निघतानाच तिला ठाऊक होते. तिला वाटले होते, समोरच्याला ते ध्यानात यायला वेळ लागेल.

"हे मला सांगून भागणार नाही," अब्दियास म्हणाला. "रविवारी सकाळी सगळ्यांसमोर साक्ष द्या."

"मी श्रद्धाळू नाही."

"साक्षीला ते लागत नाही."

रविवारी ती पुढे उभी राहिली. पत्र्याच्या छपराखाली बाकांवर आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांवर सगळी वस्ती बसली होती. तिने ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि वाक्ये मुद्दाम आखूड ठेवली. एलिएझेरने काही लावले नव्हते. तो नाचला नव्हता. त्याचा स्नायू आधीच दुखावला होता आणि हे मला दिसले होते. मी नाही म्हटले असते तर तो खेळला नसता. लोक मला हसतील, या भीतीने मी नाही म्हटले नाही. त्याचा पाय गेला तो माझ्यामुळे.

ती थांबली. आता जे काही येईल त्यासाठी तिने तयारी केली होती. ते आपल्याला मिळायलाच हवे, असेही तिने ठरवले होते.

"नाचला नव्हता!" मधल्या रांगेतली एक बाई ओरडून उभी राहिली. "हालेलुया! आमचं लेकरू नाचलं नव्हतं!"

मग सगळेच उठले. डफ वाजू लागले, बायका रडू लागल्या, केझिया पोटाला धरून हसत रडत होती. कुणीतरी गिटार आणून एलिएझेरच्या मांडीवर ठेवली. पहिल्या दोन वाक्यांनंतर कुणी काही ऐकलेच नव्हते. किंवा ऐकले असेल, पण त्या आनंदात त्याला जागा नव्हती. माणसे एल्झिराच्या गळ्यात पडत होती. "ताई, देवानं धाडलं तुम्हाला!" "किती धीराची बाई!" ती एकेकीला सांगू पाहत होती, "अहो, मी काय म्हणाले ते..." आणि एकेक बाई तिचे गाल कुरवाळून पुढे जात होती. शिक्षा मागायला गेलेल्या माणसाला असे सरसकट दुवा देऊन घालवण्यापेक्षा निर्दय प्रकार तिच्या वाचनात नव्हता.

ती वाट काढत शेवटच्या बाकापर्यंत गेली. एलिएझेर गिटारीची तार पिळत होता.

"तू तरी ऐकलंस ना?" तिने विचारले.

"ऐकलं, डॉक्टर. सगळं ऐकलं."

"मग काहीतरी बोल."

"काय बोलू?" त्याने तार छेडून पाहिली, ती अजून उतरलेलीच होती. "नावावरचा डाग गेला माझ्या. त्याच्यासाठीच खेळलो होतो ना." मग खुंटी पिळत, एल्झिराकडे न बघता तो म्हणाला, "एवढं सगळं बोलायला येतं तुम्हाला, हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं."

एक जाडजूड म्हातारी डॉक्टरला कवटाळायला त्याच्या बाकाशी येऊन थडकली. त्याच्या लांब पसरलेल्या पायाने वाट अडली होती. एलिएझेरने गिटार बाजूला ठेवली, डावा पाय दोन्ही हातांनी उचलला, दुसऱ्याचे सामान सरकवावे तसा एका कडेला ठेवला आणि म्हातारीला म्हणाला, "या, मावशी."